पार्सल मोठं आहे

एल्मार मंगळवारी येतो.
बाहेर उणे अकरा, त्याच्या मिशीवर पांढरं काहीतरी,
मीठ की बर्फ, हे मी कधी विचारलेलं नाही.
कॅर्दलाच्या वाचनालयात खिडकीजवळची तिसरी खुर्ची त्याची.

आज म्हणाला, "मारिका, पान उघडत नाही."

टालिनच्या इस्पितळाचं पान.
लेइदा तिथे आहे दिवाळखोर झालेल्या मूत्रपिंडांसकट
(शब्द त्याचाच, हसून सांगितलेला),
मध्ये सव्वा तासाची फेरी, पुढे दोन तासांची बस.
तिचे रिपोर्ट त्या पानावर येतात.

मी आधी नेहमीचंच केलं.
केबल काढली, लावली. लोकांना ते पाहून बरं वाटतं.
नाव विचारलं, पत्ता मिळाला.
हाक मारली, ओ आली: बारा मिलिसेकंद.
म्हणजे जिवंत आहे, दारात आहे,
आणि तरी पान पांढरं,
मध्ये गोल गोल फिरणारं ते एक बारीक चक्र.

वाट शोधली. पहिला थांबा आमचा राउटर.
मग तारका, तारका, तारका,
आणि अगदी शेवटी इस्पितळ.
मधलं कुणीच काही बोलायला तयार नाही.

मोबाइलवर मात्र झटक्यात उघडलं.
"हे घे," मी म्हटलं.
"तुझ्या तळहातावर?" तो म्हणाला,
"तिचा आजार एवढा लहान नाही."

म्हणून मी बसले. कॉफी गार झाली.
घरच्या यंत्रात शिरून उलट्या दिशेने हाका मारल्या,
बाहेरून आत, स्वतःलाच.
एक हजार तीनशे बहात्तर बाइट: ओ.
एक हजार तीनशे त्र्याहत्तर:
काहीच नाही.
एका बाइटने काय बिघडतं?

एल्मारने चष्मा पुसला.
छत्तीस वर्षं या बेटावर त्याने टपाल वाटलेलं.
"कॅइनाच्या वाटेवर एक घर होतं," म्हणाला,
"पेटीची फट एवढीशी.
पत्रं जायची. पार्सल आलं की मी चिठ्ठी ठेवायचो:
मोठं आहे, मावत नाही, कचेरीत या.
कुणी यायचं नाही.
बाई म्हणायची, मला कुणी काही पाठवतच नाही.
पाठवणारे म्हणायचे, बाई उद्धट, पोच देत नाही.
दोन हिवाळे गेले.
मग कळलं, पोंटू चिठ्ठ्या खायचा.
मी सॉसेज खाल्लेल्या हातांनी लिहायचो ना."

मी हसले.
मग हसणं मध्येच थांबलं.

शुक्रवारी नवा बोगदा टाकला होता आम्ही
नगरपालिकेपासून वाचनालयापर्यंत, जरा अरुंद.
मोठं काही आलं की तो इमानाने लिहित असणार:
मावत नाही, लहान करून पाठवा.
आणि ती चिठ्ठी दारात कोण खात होतं?

फायरवॉल उघडली. नियम सत्तेचाळीस:
पिंग सोडून असले सगळे निरोप टाकून द्या,
उत्तर देऊ नका.
खाली शेरा: हल्ल्यानंतर. तात्पुरतं.
खाली सही: मा.
सात वर्षांपूर्वीची.

तेव्हा तीन रात्री झोपले नव्हते मी.
घाबरलेल्या माणसाने बांधलेली भिंत
फार नीट बांधलेली असते.

एक ओळ बदलली. फक्त त्या एका चिठ्ठीपुरती वाट.

पान आलं. आधी निळी पट्टी,
मग तिचं नाव, मग आकड्यांची लांब रांग.
एल्मार खुर्ची पुढे ओढून वाचू लागला,
ओठ हलवत, बोट पडद्यावर टेकवत,
ठसे उमटवत. मी काही बोलले नाही.

नोंदवहीत लिहिलं: बिघाड दूर. कारण,
आणि तिथे पेन थोडा वेळ थांबलं.

"मारिका," तो वळून न पाहता म्हणाला,
"क्रिएटिनिन वाढलं म्हणजे चांगलं की वाईट?"

मला माहीत होतं.
बारा मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागला.